मदत हवी आहे: इन्सुलिन पार्सलनेच घ्यायचं, की गावातल्या मेडिकलचं बिल मंजूर होतं?

नमस्कार मंडळी. आम्ही जळगाव जिल्ह्यातल्या चोपडा तालुक्यातले, शिरपूरच्या अंगाला. वडील सरकारी नोकरीतून निवृत्त, आरोग्य योजनेचं कार्ड आहे. (कोणती योजना ते मुद्दाम लिहीत नाही, बिल अजून अडकलंय.)

आधी महिन्याची औषधं योजनेने ठरवून दिलेल्या जळगावच्या मेडिकलमधून आणायचो. सकाळची एसटी, रांग, आणि हमखास एखाद्या औषधापुढे 'उपलब्ध नाही'चा शिक्का. यंदापासून सांगितलं, घरपोच येईल. खरं सांगतो, बरं वाटलं. गोळ्या नीट आल्याही.

इन्सुलिनचं मात्र हसं झालं. मे महिना, आमच्याकडचं ऊन तुम्हाला सांगायला नको. पार्सल दोन दिवस कुठे पडून होतं देव जाणे. उघडलं तर बर्फाच्या पिशव्यांचं कोमट पाणी. कुपी २ ते ८ अंशांत ठेवायची असते एवढं मलाही कळतं. दिसायला ठीक होती, पण टोचायची हिंमत झाली नाही. गावातल्या मेडिकलमधून पक्कं बिल घेऊन आणली. वडील म्हणे, "आपला गावना दुकानदारच बरा, फ्रीजमाईन काढस नि हातमा देस."

बिल परत आलं: दुकान यादीतलं नाही. आता पार्सल खराब आलं तर गावातल्या दुकानातून घ्यायची मुभा असते का? आणि ते 'खराब' कसं सिद्ध करायचं? मी फोटोही काढला नाही, चूक झाली.

गिरणाकाठ: दादा, बिल 'यादीत नाही' म्हणून फेटाळलं असेल तर स्थानिक खरेदीचा नियम लेखी मागा. माहिती अधिकारात अर्ज टाका, ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं. तोंडी भांडून काही होत नाही. आणि महात्मा फुले योजनेच्या भरवशावर कुणी राहू नका, ती रुग्णालयातल्या उपचारांसाठी आहे. रोजच्या इन्सुलिनला उपयोग नाही.

धुळ्याचा फार्मासिस्ट: पार्सल उघडताना व्हिडिओ काढा, तारीख-वेळेसह. कोमट आलं तर त्याच दिवशी लेखी तक्रार करा, कुपी टाकून देऊ नका. उष्णतेने बिघडलेलं इन्सुलिन दिसायला स्वच्छच असू शकतं, तुम्ही टोचलं नाहीत ते बरंच केलंत.

कायद्याचं म्हणाल तर ऑनलाइन औषधविक्रीच्या नियमांचा मसुदा २०१८ मध्ये आला होता. मार्च २०२० च्या कोविडकाळातल्या अधिसूचनेने परवानाधारक दुकानाला घरपोच द्यायची मुभा दिली, पण दुकान ज्या महसुली जिल्ह्यात, त्याच जिल्ह्यात. म्हणजे शिरपूरचं दुकान तुम्हाला जवळ असलं तरी जिल्हा धुळे, त्या मुभेत बसलं नसतं! नकाशा बघून नियम करणाऱ्यांना एसटीचा रस्ता दिसत नाही.

धागाकर्ता: आभार दोघांचे. अर्जात हा प्रश्नही घालतो: घरपोच नको असेल तर नकार देता येतो का? जळगावची फेरी परवडली, पण पुढच्या मे महिन्यात पुन्हा तेच नको. अर्जाचा नमुना कुणाकडे आहे का?