मदत हवी आहे: वाईनचं फर्मेंटेशन मधेच थांबलंय

मी आणि नवरा छोटी वायनरी काढायचं ठरवतोय, त्याआधी घरी ट्रायल बॅच करतोय. ही तिसरी, ५० लिटर रेड, आणि हिच्यावर खूप जीव आहे आमचा.

सुरुवात २४ ब्रिक्सला (ब्रिक्स म्हणजे रसातल्या साखरेचं माप), आठव्या दिवशी ५ वर आलं आणि तिथेच अडकलंय, आज पाच दिवस झाले. रीडिंग हायड्रोमीटरचं आहे, रिफ्रॅक्टोमीटरचं नाही (अल्कोहोल झाल्यावर तो चुकीचं दाखवतो हे माहितीये). चौथ्या दिवशी तापमान ३४ अंशांपर्यंत गेलं होतं, मला वाटतं यीस्ट तिथेच दमलं. आता २४ वर स्थिर आहे.

लीज (तळाला बसलेला यीस्टचा गाळ) हलवून पाहिलं, काही फरक नाही. डीएपी (यीस्टला नायट्रोजन देणारं खाद्य) मुद्दाम टाकलं नाही, कारण एवढ्या अल्कोहोलमध्ये यीस्ट ते नीट घेत नाही म्हणतात. सल्फाईटही (जंतू रोखायला घालतात ते) नाही, ते टाकलं तर रीस्टार्ट अजून अवघड होईल. वास अजून स्वच्छ आहे, व्हिनेगरसारखा अजिबात नाही, पण लॅब टेस्टची सोय नाही.

ईसी-१११८ चा (जास्त अल्कोहोल सहन करणारं यीस्ट) स्टार्टर, म्हणजे आधी वेगळं जागवलेलं यीस्ट, करून त्यात थोडी थोडी हीच वाईन घालत सवय लावायचा विचार आहे. ज्यांनी प्रत्यक्ष केलंय त्यांनी सांगा, त्याआधी जुन्या लीजवरून रॅक करायचं (गाळ मागे ठेवून वाईन दुसऱ्या भांड्यात काढायची) की तसंच ठेवायचं?