ओबोनमधला जपान म्हणे ‘डुप्लिकेट’!

गुलमोहर

‘मध्यलय’ यांनी परवा कॅलिफोर्नियातल्या सॅन होजेच्या जपानटाउनमधल्या ओबोनबद्दल (पूर्वजांच्या आठवणीचा जपानी सण) लिहिलं. तिथेच प्रतिसाद द्यायला बसले होते, पण तो लांबत गेला म्हणून वेगळा धागा काढते आहे. ज्यांनी वाचलं नसेल त्यांच्यासाठी त्यांचं म्हणणं थोडक्यात: हा जपानी सण नाही, जपानच्या नावावर भरवलेली जत्रा आहे. तिथल्या निम्म्या जपान्यांना जपानी बोलता येत नाही. तेरियाकी (सोया सॉस लावून भाजलेलं) चिकन घेऊन लोक फुटपाथवर बसतात. आणि आपले देशी लोक ऑनलाइन मागवलेले युकाता (उन्हाळ्यातले सुती किमोनो) घालून गोलात हातवारे करतात ते बघून यांना ‘लाज वाटली’. खरा जपान बघायचा असेल तर तिकीट काढा आणि जपानला जा.

मला लाज वाटली ती हे वाचून.

अहो, तो सण जपान दाखवायला भरवतंच कोण? पाचव्या रस्त्यावरचं ते बौद्ध देऊळ, तिथले सभासद, त्यांची पोरंबाळं आणि नातवंडं यांचा तो घरचा सण आहे. आपल्याला गोलात घेतात हा त्यांचा चांगुलपणा. आणि जपानी का बोलता येत नाही, हा प्रश्न विचारण्याआधी १९४२ साल आठवा. दुसऱ्या महायुद्धात सरकारने पश्चिम किनाऱ्यावरची सुमारे १,२०,००० जपानी वंशाची माणसं उचलून छावण्यांत कोंडली, त्यातली जवळजवळ दोन तृतीयांश अमेरिकेची नागरिक. तिथून परत आलेल्या आईबापांनी मुलांशी जपानी बोलायचं टाळलं असेल तर नवल काय? एके काळी कॅलिफोर्नियात गावोगावी जपानी वस्त्या होत्या. आज जपानटाउन म्हणून उरलीत तीन: सॅन फ्रान्सिस्को, लॉस एंजेलिसचं लिटल टोकियो आणि आपलं सॅन होजे.

आता युकाताचं. माझ्या मैत्रिणीने उजवी बाजू वर घेतली होती. रांगेत मागे उभ्या असलेल्या एका आजींनी तिला हाताला धरून बाजूला घेतलं. डावी बाजू वर यायला हवी, उजवी वर घेतात ती प्रेताला नेसवताना, हे हसत हसत सांगितलं. मग पट्टा सोडला, दोन पिना तोंडात धरल्या आणि तिथेच भिंतीशी उभं करून नीट बांधून दिला. पाठीवर एक थाप मारून म्हणाल्या, आता नाच. त्या आजींना लाज वाटली नाही. तुम्हाला का वाटावी?

मध्यलय

सारांश सोयीचा केलात, अभिनंदन. मी ‘जत्रा’ म्हणालो, त्यात शिवी काय आहे? मी नोकरीनिमित्त काही वर्षं ओसाकाला काढली आहेत. तिथला ओबोन म्हणजे आधी घरची कबर धुणं, उदबत्ती, गावाकडच्या ट्रेनला गर्दी, आणि मग संध्याकाळी नाच. इथे काय आहे? नाच, चिकन आणि पार्किंग. छावण्यांचा इतिहास मलाही माहीत आहे, तो कोणी नाकारत नाही. पण इतिहास दुःखाचा आहे म्हणून आजचा कार्यक्रम चांगला, हे कुठलं तर्कशास्त्र?

आणि त्यांचं जाऊ द्या, माझा राग आपल्या लोकांवर आहे. स्वतःच्या पितृपंधरवड्यात घरी कावळ्याला घास ठेवायला वेळ नाही, पण जपान्यांच्या पितृपक्षात नाचायला शनिवार-रविवार दोन्ही मोकळे!

निशी_कासाईकर

टोकियोतून लिहितोय. इथल्या कोणाला याचं काही पडलेलं नाही. इथल्या असाकुसा भागात जा, दर दोन दुकानांआड किमोनो भाड्याने मिळतो. दुकानदारीणबाई तुमचे केससुद्धा बांधून देते.

आणि ‘खरा’ म्हणाल तर टोकियोतल्याच कोएन्जी भागातला आवा ओदोरी हा ओबोनचा नाच बघा. मूळ नाच शिकोकू बेटावरच्या तोकुशिमाचा. कोएन्जीच्या दुकानदारांच्या पोरांनी १९५७ मध्ये तो उचलला, कारण पेठेत गर्दी व्हायला हवी होती. आज तो टोकियोच्या उन्हाळ्यातल्या मोठ्या उत्सवांपैकी एक आहे. तोही डुप्लिकेट का? १९८१ पासून असाकुसात सांबा कार्निव्हल भरतोय, पिसं लावून जपानी बायका नाचतात. ब्राझीलवाल्यांनी लाजावं का?

मध्यलय

निशी_कासाईकर, दुकानात पैसे देऊन किमोनो घालणं वेगळं आणि दुसऱ्याच्या देवळाच्या दारात घालणं वेगळं. बॉस्टनच्या म्युझियममध्ये २०१५ साली काय झालं ते आठवतंय का? फ्रेंच चित्रकार मोनेच्या चित्रासमोर लाल किमोनो घालून फोटो काढा म्हणाले, निदर्शनं झाली, म्युझियमला ते बंद करावं लागलं.

निशी_कासाईकर

अर्धीच गोष्ट सांगितलीत. ते किमोनो जपानच्याच एनएचके या सरकारी प्रसारण संस्थेने करवून घेतलेले होते आणि आधी जपानमध्ये लोकांनी ते घालून पाहिले होते. बॉस्टनमध्ये राहणारे काही जपानी लोक उलट निदर्शनं करायला आले, की बाबांनो, बंद करू नका. किमोनोचा धंदा इथे आधीच आटत चाललाय, घालणारे कमी होतायत. त्यात तुम्ही सोवळं पाळा!

पिंपळपान

मूळ वादात मला पडायचं नाही, पण ‘जपान्यांचा पितृपक्ष’ हे दोनदा वाचावं लागलं आणि राहवलं नाही.

ओबोन बौद्ध सण आहे. बुद्धांचे शिष्य महामौद्गल्यायन यांना आपली मेलेली आई प्रेतयोनीत उपाशी दिसली. बुद्धांनी सांगितलं, वर्षावास (पावसाळ्यातला भिक्खूंचा एका जागचा मुक्काम) संपताना भिक्खुसंघाला दान दे. त्यांनी दिलं, आई सुटली, आणि आनंदाने ते नाचले, अशी ती कथा. वर्षावास म्हणजे काय ते आमच्या वस्तीतल्या कुठल्याही आजीला विचारा. याच मौद्गल्यायनांच्या अस्थी सांचीच्या परिसरातल्या स्तूपांतून इंग्रजांनी लंडनला नेल्या होत्या, त्या १९५२ मध्ये सांचीला परत आल्या. एवढं सगळं आपल्या घरचं असताना तुम्हाला कावळा आणि पिंडच आठवतो. आणि सॅन होजेचं देऊळ जोडो शिन्शू पंथाचं, त्यांच्यात पूर्वजांना खाऊ घालण्याचा विधीच नाही. कृतज्ञता म्हणून एकत्र यायचं आणि नाचायचं. म्हणजे तुम्हाला जो ‘नुसता नाच’ वाटला तोच त्यांचा धर्म आहे.

मध्यलय

बरं, पितृपक्ष हा शब्द मागे घेतो, नाहीतर आता माझ्यावरच निदर्शनं व्हायची. पंथाची माहिती नवी होती. पण पूर्वजांची आठवण हा समान धागा आहे, तो तुम्ही कसा काय तोडणार?

पिंपळपान

तोडत नाहीये. दर वेळी स्वतःचं माप घेऊन मोजू नका, एवढंच.

टिपरू

सॉरी, जरा अवांतर. ओबोनमधला ताइको (जपानी ढोल) ऐकलाय का कोणी? अंगावर काटा येतो. सॅन होजे ताइको ग्रुप १९७३ पासून आहे. त्यांची शिस्त बघा आणि आपल्या बे एरियातल्या गणपतीतली ढोल पथकं बघा. आमच्याकडे विसर्जनाच्या आदल्या दिवशी पान चढवतात, तेही यूट्यूब बघून.

काकडी_थालीपीठ

ढोल पथकाचं नाव काढू नका! आमच्या मंडळात (नाव घेत नाही) वर्गणीचा मोठा हिस्सा पथकाच्या टी-शर्टवर जातो. प्रसादाच्या ताटाला अठरा डॉलर लावले आणि त्यात मोदक एक. एक! तोही फ्रोझन. मी समितीत विचारलं तर म्हणे, ढोल हे आकर्षण आहे. माणसं देवासाठी येतात की टोलासाठी?

टिपरू

ताई, टी-शर्टचा आणि ढोलाचा काय संबंध? आम्ही टिपऱ्याचे पैसेसुद्धा खिशातून भरतो. जूनपासून दर रविवारी पार्किंगमध्ये सराव करतो, शेजारचे पोलिसांना फोन करतात, मग आम्ही उशी बांधून वाजवतो. फ्रोझन मोदक पथकाने आणले नव्हते.

काकडी_थालीपीठ

उशी बांधून वाजवता तेवढंच बरं आहे.

टिपरू

हे वैयक्तिक होतंय.

जुनीजाणती

मी फ्रीमॉन्टला तुम्हा सगळ्यांच्या आधीपासून आहे. तेव्हा ढोल नव्हताच. कॅसेटवर आरती लावायचो आणि भाड्याच्या शाळेत गणपती बसायचा. हे पथक वगैरे आत्ताचं. पुण्यात तरी माझ्या लहानपणी एवढी पथकं कुठे होती? आता जणू शिवाजी महाराजांच्या काळापासून असंच चालत आलंय अशा थाटात पोरं फेटे बांधतात.

निशी_कासाईकर

जुनीजाणती, बरोब्बर! आणि ताइकोचंही तेच आहे. ढोल जुने, पण दहा-बारा जणांनी एकत्र रंगमंचावर वाजवायची पद्धत १९५१ मध्ये नागानो प्रांतात दाइहाची ओगुची या माणसाने बसवली. तो जॅझ ड्रमर होता! म्हणजे ज्याला आपण प्राचीन जपानची गर्जना म्हणून डोळे मिटून ऐकतो, ती ड्रमसेटच्या डोक्यातून निघालेली आहे.

टिपरू

काय सांगता! मग अमेरिकेतल्यांचं तर आणखी मजेदार. इथे ओंडका कोरून केलेला ढोल परवडेना म्हणून त्यांनी वाइनची ओकची पिंपं घेतली, दोन्ही तोंडांना कातडं ताणलं आणि खिळे ठोकले. कॅलिफोर्नियात पिंपांना काय तोटा! मला एका वादकाने आतून दाखवलं होतं, लाकडावर वाइनचा जांभळा डाग तसाच होता.

मध्यलय

म्हणजे माझंच म्हणणं सिद्ध झालं. सगळंच जोडतोड आहे.

गुलमोहर

जोडतोड तुमच्या-माझ्या घरातही आहे, मध्यलय. बटाटा, मिरची, साबुदाणा यातलं काय आपलं मूळचं? उपासाला सगळं चालतं.

मला धागा मूळ मुद्द्यावर आणायचाय. तुम्ही सॅन होजे विमानतळावरून किती वेळा उडालात? त्याला नाव आहे नॉर्मन मिनेटा यांचं. याच गावात वाढलेला मुलगा. अकराव्या वर्षाच्या आत-बाहेर असताना घरच्यांबरोबर ट्रेनमध्ये कोंबला, आधी सांता अनिताच्या घोड्यांच्या रेसकोर्सवर आणि मग वायोमिंगच्या हार्ट माउंटन छावणीत. जाताना बेसबॉलची बॅट सैनिकांनी काढून घेतली, ते शस्त्र होऊ शकतं म्हणून! तोच पुढे १९७१ मध्ये सॅन होजेचा महापौर झाला. १९८८ चा कायदा झाला, सरकारने माफी मागितली आणि हयात असलेल्या प्रत्येकाला २०,००० डॉलर दिले, त्यासाठी काँग्रेसमध्ये लढलेल्यांत तो होता. ११ सप्टेंबरनंतर परिवहन मंत्री म्हणून विमानतळांवर वंश बघून अडवायला त्याने विरोध केला. ज्यांच्याकडे बघून तेव्हा लोक संशयाने सीट बदलत होते ते कोण होते? आपणच ना? त्या माणसाच्या गल्लीतला सण आहे हा.

मध्यलय

भावनिक केलंत. बॅटचं मला माहीत नव्हतं, खोटं कशाला बोलू. पण मिनेटा मोठा माणूस म्हणून त्यांच्या गल्लीतल्या नाचावर टीका करायची नाही का?

पिंपळपान

करा की. पण ओसाका हा मापदंड का? त्यांची चौथी पिढी इथे आहे. १९२२ मध्ये ओझावा या जपानी स्थलांतरिताला सुप्रीम कोर्टाने सांगितलं, तू गोरा नाहीस, नागरिकत्व नाही. तीन महिन्यांनी आपल्या भगतसिंग थिंदला तेच. जपानी स्थलांतरितांना इथे नागरिक व्हायची मुभा थेट १९५२ मध्ये मिळाली. एवढं करून टिकले, आणि आपण येऊन विचारतो, तुमचं तेरियाकी ऑथेंटिक आहे का?

मध्यलय

तेरियाकी गोड असतं, यावर मी ठाम आहे. साखरेचा पाक ओततात.

जुनीजाणती

हे मात्र खरं.

निशी_कासाईकर

जाता जाता, त्या गोलातल्या एका नाचात खणतात, खांद्यावरून मागे टाकतात आणि ढकलतात, तो बघितलाय ना? तो जपानच्या क्यूशू बेटावरच्या कोळसा खाणीतल्या कामगारांचा. खोरं, टोपली, ढकलगाडी. मध्यलयना ‘हातवारे’ वाटले ते हेच.

काकडी_थालीपीठ

त्या देवळातले स्वयंसेवक पहाटेपासून कोळशावर कोंबड्या भाजतात आणि पैसे देवळाच्या खर्चाला जातात. हिशेब कोणी विचारावा लागत नाही. आमच्या मंडळाचा मागच्या वर्षीचा हिशेब अजून आलेला नाही. एवढंच म्हणायचंय. आणि मोदकाबद्दल मी अजून समाधानी नाही.

गुलमोहर

ताई, मोदकाचा वेगळा धागा काढा ना प्लीज.

काकडी_थालीपीठ

काढला होता. समितीवाल्यांनी येऊन भांडणं केली, बंद पडला.

मध्यलय

गुलमोहर, तुमच्या आजींचा किस्सा चांगला होता हे मान्य. बाकी मत बदललेलं नाही. पुढच्या जुलैत जाईन, पण युकाता घालणार नाही आणि कबरी धुणारं कोणी दिसलं नाही तर परत येऊन लिहीन.

पिंपळपान

लिहा. जायच्या आधी सरावाला जा, देवळापुढच्या रस्त्यावर संध्याकाळी असतो, कोणीही चालतं. खोरं आधी की टोपली आधी, एवढं तरी कळेल.

टिपरू

कोणाला माहीत आहे का, जुनं वाइनचं पिंप कुठे मिळतं? नापाच्या वाइनवाल्यांना विचारू का? ढोल भारतातून मागवायचा तर वाहतुकीचा खर्च ढोलापेक्षा जास्त होतो. बाप्पापुढे वाइनचं पिंप चालेल का?

काकडी_थालीपीठ

समितीत प्रस्ताव मांडा. तीन बैठका घेतील, चहा-समोसा होईल, मग नाही म्हणतील.