मदत हवी आहे: तुर्भ्यातल्या एका मुलाच्या दम्यासाठी

नमस्कार मंडळी, तुर्भे स्टोअरला आम्ही मुलांचा अभ्यास घेतो, तिथे दुसरीतला एक मुलगा आहे, त्याला दमा आहे. रात्रभर खोकतो, कविता म्हणतानाही मधेच थांबून श्वास घ्यावा लागतो, खोली एवढीशी, भिंतीला ओल येऊन पोपडे सुटलेत, संध्याकाळी कॉइल लावतात आणि पलीकडे एमआयडीसी. डॉक्टरांनी रोजचा पंप (इनहेलर) लिहून दिलाय पण आई धुणीभांडी करते, पंप संपला की पुढच्या पगारापर्यंत तसंच, वर शेजारी सांगतात पंपाची सवय लागते म्हणून (नाही लागत हो!).

मध्यंतरी वाचलं, अमेरिकेत कृष्णवर्णीय आणि पोर्तो रिकन (मूळच्या कॅरिबियनमधल्या पोर्तो रिको बेटाच्या) मुलांमध्ये दमा गोऱ्या मुलांपेक्षा बराच जास्त आढळतो, गरिबी असली की अजून, आणि त्यामागे ओल, झुरळं, ट्रकचा धूर, वेळेवर औषध न मिळणं हे सगळं आहे. वाचताना मला आपलीच वस्ती दिसत होती, म्हणून 'अंगातच आहे त्याच्या' असं म्हणून सोडून देणं पटत नाही.

तर नवी मुंबईत पालिकेच्या दवाखान्यात रोजचा पंप दर महिन्याला मिळतो का, कोणी स्वतः घेतलाय का? शाळेत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची तपासणी होते त्यातून पुढे काही मदत झाली का कोणाला? स्पेसर (पंपाला जोडायची पोकळ नळी, म्हणजे औषध नीट छातीत जातं) परवडत नसेल तर अर्ध्या लिटरच्या प्लास्टिकच्या बाटलीला भोक पाडून त्यात पंप घट्ट बसवतात, ते कोणी डॉक्टर आईला समोर बसून करून दाखवतील का? आणि ज्यांचं मूल पंपावर आहे अशा कोणी ताई तिच्याशी बोलल्या तर फार बरं होईल, माझं ती ऐकते पण तिला अजून धीर येत नाहीये.