‘व्हॅन एक’ (Van Eck) या क्रमिकेत १ शेजारी १ का येत नाही?

पाटीपेन्सिल:
नियम एका ओळीत मावतो. पहिलं पद ०. पुढे, आत्ताचं पद आधी कधीच आलं नसेल तर ० लिहायचं. आलं असेल तर ते किती घरं मागे होतं तो आकडा लिहायचा.

०, ०, १, ०, २, ०, २, २, १, ६, ०, ५, ०, २, ६, ५, ४, ०, ५, ३...

प्रोग्रॅम नको, मी वहीतच करते. बाजूला प्रत्येक आकड्याची शेवटची जागा खोडून-लिहून ठेवते, म्हणजे मागे शोधत बसावं लागत नाही. ९८ पदं झाली. २, २ जोडीने आले, ३, ३ आले (४९-५०), ८, ८ सुद्धा आले (९५-९६). ०, ० पुन्हा येणार नाहीत हे उघड आहे, ० आता नवा कुठे राहिलाय? पण १ आला तो ३, ९, ५१ आणि ९७ व्या जागी, दरवेळी एकटाच. योगायोग आहे का? आणि ही क्रमिका पुढे कधी त्याच त्या आकड्यांत गोल फिरायला लागेल का?

उलटतपासणी:
योगायोग नाही. १ लिहितो कधी? आधीची दोन पदं सारखी असतील तेव्हाच. मग १, १ मधला दुसरा १ नीट बघा. दुसरं १ म्हणजे त्याच्या मागची दोन पदं सारखी. त्यातलं एक १ आहे, म्हणून दुसरंही १. झाले तीन. हेच परत लावा, चार. असं थेट पहिल्या पदापर्यंत १ च १ निघतात. पण पहिलं पद तर ०!

शेपूटधरे:
गोल फिरणंही अशक्य, आणि युक्ती तशीच मागे ढकलण्याची. समजा कुठूनतरी एकच गट सतत परत येतोय. गटाचं शेवटचं पद क्ष. गटात क्ष पहिल्यांदा, समजा, चौथ्या जागी आहे. दुसऱ्या गटातल्या त्या क्षच्या आधीचा क्ष म्हणजे पहिल्या गटाचं शेवटचं पद, बरोबर ४ घरं मागे. म्हणून त्याच्यापुढे ४ येणार. गट सारखे, तेव्हा पहिल्या गटातही तिथे ४ च. म्हणजे पहिला गट सुरू होण्याच्या एक घर आधीही क्ष होता! आवर्तन एक घर आधीच सुरू झालं होतं म्हणायचं. असं सरकत सरकत पहिल्या पदाशी आलं की त्याच्याही आधीचं घर लागतं, आणि ते नाही.

यातूनच शून्यं अनंत वेळा येतात हेही मिळतं. शून्य थांबलं तर नवा आकडा येणंही थांबलं, आकडे मर्यादित, म्हणजे पुढचं पद मागच्या ठरावीक पदांवरूनच ठरतं, मग कधीतरी आवर्तन होणारच.

उलटतपासणी:
आणि नवे आकडे अनंत, म्हणून पदं अमर्याद वाढतात. पण प्रत्येक धन पूर्णांक कधी ना कधी येतो का, हे अजून कुणाला सिद्ध करता आलेलं नाही. वहीत ७ कुठे आहे बघा, मजा आहे.

पाटीपेन्सिल:
६६ व्या जागी! ५८ ला ४, ६५ ला ४, म्हणून ७. ८ त्याआधीच ४७ ला आणि ४२ चक्क ५२ ला येऊन गेलाय. १० चा मात्र अजून पत्ता नाही, नवं पान लावते.