कलाकारांच्या शिकवणीची साइट: विद्यार्थी कुणाचा, साइटचा की शिकवणाऱ्याचा?

परळनाका

माझी मावशी परळला २२ वर्षं गाणं शिकवते. लॉकडाउनमध्ये क्लास बंद पडला तेव्हा ऑनलाइन शिकवणीच्या एका साइटवर मीच तिचं नाव घालून दिलं. साइट फीमधले २५ टक्के कापून घ्यायची, त्याचं मला फारसं वाटलं नाही. पण विद्यार्थ्यांचे फोन नंबर तिला दिसत नसत. दोन वर्षांनी साइट बंद झाली आणि ३१ मुलं एका आठवड्यात गेली. यमनच्या ताना अर्ध्यावर आलेली एक मुलगी होती, तिचं आडनावसुद्धा मावशीला माहीत नव्हतं.

मी वेबसाइट डिझाइन करते. आता आम्ही चौघं मिळून मुंबईतल्या कलाकारांसाठी साइट बांधतोय. गाणं, तबला, पेटी, चित्रकला, सुलेखन. माझा आग्रह आहे की फीवर कमिशन नको. कलाकाराने महिना ३०० रुपये द्यावेत, फी यूपीआयने थेट त्याच्या खात्यात जावी आणि विद्यार्थ्यांची यादी त्याचीच असावी, हवी तेव्हा उतरवून घेता यावी. उद्या साइट बुडाली तरी क्लास बुडता कामा नये. आमच्यातल्या दोघांना हे पटत नाही, म्हणून इथे विचारतेय.

घाटकोपर पूर्व

तळमळ पोचली, पण हिशेब करा. ४० कलाकार धरले तर महिन्याला १२,००० रुपये. त्यात सर्व्हर, एसएमएस, आणि "पैसे गेले पण क्लास दिसत नाही" म्हणून फोन करणाऱ्या आईशी बोलायला एक माणूस. भागणार कसं?

त्याहून मोठा मुद्दा असा, की कलाकाराला शिकवता येतं, विद्यार्थी मिळत नाहीत. ठरलेले ३०० आले की साइटने विद्यार्थी आणायची धडपड का करावी? युडेमी या ऑनलाइन कोर्स विकणाऱ्या साइटवर शिकवणाऱ्याने स्वतःच्या लिंकवरून केलेल्या विक्रीतले ९७ टक्के त्याचे, साइटने आणलेल्या गिऱ्हाइकाचे ३७. ३७ मलाही कमीच वाटतात. पण ज्याने विद्यार्थी आणला त्याला त्याचं मोल, हे तत्त्व बरोबर आहे.

गायक विष्णु दिगंबर पलुस्करांनी १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं, ते राजाश्रयावर नाही, लोकांच्या बळावर. १९०८ मध्ये मुंबईत आले. एवढा मोठा माणूस, तरी संस्थेपायी कर्ज झालं आणि मालमत्ता विकावी लागली. रोजचा खर्च निघाला नाही तर तुमच्या मावशीच्या त्या साइटसारखीच गत होईल.

डग्गा

पलुस्करांचं पुढचंही सांगा. मालमत्ता गेली, शिष्य गेले नाहीत. १९३१ मध्ये ते वारले आणि त्याच वर्षी शिष्यांनी अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळ उभं केलं. आज गावोगावची मुलं प्रारंभिकपासून अलंकारपर्यंतच्या परीक्षा देतात त्या या मंडळाच्या. शिष्यांचे पत्ते भलत्याच माणसाच्या वहीत असते तर हे झालं असतं का?

पण परळनाका, वेळापत्रक आणि फी एवढंच सांभाळणार असाल तर ३०० तरी का द्यावेत? ते व्हॉट्सॲपवर होतं. खरी अडचण आवाजाची आहे. मी दादरला तबला शिकवतो, निम्मी मुलं ऑनलाइन. आवाज उशिरा पोचतो, तेवढ्यात सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा, निघून गेलेली असते, त्यामुळे दोघांनी बरोबर वाजवणं होतच नाही. तानपुरा लावला की व्हिडिओ कॉल त्याला पंख्याची घरघर समजून दाबून टाकतो. झूममध्ये 'ओरिजिनल साउंड' चालू करावं लागतं हे मला सहा महिन्यांनी कळलं.

मला साइटवर लेहरा, म्हणजे ताल धरायला पुन्हा पुन्हा फिरणारी सुरावट, चढवता आला पाहिजे. मुलाने तो कानात घालून ठेका वाजवावा, रेकॉर्ड करून पाठवावा. मग त्या रेकॉर्डिंगवर नेमक्या अकराव्या मात्रेवर मला लिहिता यावं, "इथे 'तिं' हा बोल आहे, डाव्या हाताचा डग्गा बंद हवा, तू उघडा ठेवलास." हे करून द्या, मी ५०० देतो.

जलरंग

कलाकाराने शिकवावंच, असं सगळे धरून चाललात. जे. जे. कला महाविद्यालयातून बाहेर पडल्यावर मी नऊ वर्षं एलिमेंटरी-इंटरमिजिएट या चित्रकला परीक्षांच्या बॅचेस घेतल्या, आठवड्याला सहा. दर शनिवारी तेच स्थिरचित्र: कळशी, दोन कांदे, चुरगळलेलं फडकं. पालकांचा प्रश्न एकच, दहावीला वाढीव गुण मिळतील ना? घरभाडं निघालं, हे मी नाकारत नाही. पण त्या नऊ वर्षांत जहांगीर कलादालनात प्रदर्शनासाठी अर्ज करावा एवढी माझी चित्रंच झाली नाहीत. तुमची साइट कलाकाराचा उरलासुरला वेळही शिकवण्यात घालवेल. कमिशनवर चालणारी तर हमखास, कारण तिचं उत्पन्नच त्यावर.

पार्लेकरीण

पालकांचीही बाजू ऐका. मुलीच्या पेटीसाठी चौघांना फोन केले. फी विचारली की "तुम्ही द्याल ते." कमी दिले तर अपमान, जास्त परवडत नाही. शेवटी क्लास लावलाच नाही. फीचा आकडा साइटवर स्पष्ट हवा. पहिला तास फुकट नको, निम्मी फी घ्या, म्हणजे येणारा मनापासून येतो.

पण पैसे थेट शिक्षकाला द्यायचे हे मला मान्य नाही. तीन महिन्यांची फी आगाऊ घेतली आणि दोनदाच शिकवलं तर मी कुणाकडे जाऊ? साइट पैशाला हात लावणार नाही म्हणजे जबाबदारीही घेणार नाही.

परळनाका

जलरंग, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. नोंदणीच्या पानावर आता पहिलाच प्रश्न 'आठवड्याला जास्तीत जास्त किती तास?' असा घेतेय. तेवढे तास भरले की नवे प्रवेश आपोआप बंद.

पार्लेकरीण, फीचा आकडा टाकल्याशिवाय कुणाचंच पान उघडणार नाही, आणि एका महिन्याहून जास्त आगाऊ घ्यायची नाही. पैसे साइटकडे अडकू नयेत, यावर मात्र मी ठाम आहे. वेळेची भानगडही साइटच सांभाळेल. न्यू जर्सीतला शनिवार रात्री नऊचा क्लास आपल्याकडे रविवारी पडतो, त्यांच्या उन्हाळ्यात सकाळी साडेसहाला आणि थंडीत साडेसातला. तिकडची घड्याळं मार्च-नोव्हेंबरला बदलतात, तेव्हा मावशी दर वेळी गोंधळायची.

घाटकोपर, तुमचं अर्धं मान्य. साइटवरून आलेल्या नव्या विद्यार्थ्याच्या फक्त पहिल्या महिन्याची निम्मी फी साइटला. पुढे काही नाही.

घाटकोपर पूर्व

नाही पटत. पहिल्याच महिन्यात निम्मे घेतलेत तर मूल टिकतंय की नाही, याच्याशी साइटला देणंघेणं उरत नाही. त्यापेक्षा सहा महिने १० टक्के घ्या. यादी कलाकाराची, एवढं मात्र मान्य. नंबर लपवू नका.

डग्गा

तुमचं टक्क्यांचं ठरू दे. तीनतालाचा लेहरा, लय ८०, माझ्याकडे तयार आहे. चढवायचं पान झालं की कळवा, माझ्या चार मुलांवर आधी करून बघू.