मदत हवी आहे: नेट मुद्दाम हळू केलंय का, कसं तपासायचं?

नमस्कार मंडळी. आमचं गाव देवगड तालुक्यात. विलीनीकरणं होत होत कंपन्या मोजक्याच उरल्या आणि आमच्या वाडीत रेंज येते फक्त एकीची. तिच्या स्वतःच्या अ‍ॅपवर सिनेमा अडखळत नाही. पण मुंबईच्या गिऱ्हाइकाला हापूसची पेटी उघडून दाखवायला दुसऱ्या अ‍ॅपवरून व्हिडिओ कॉल लावला की चक्र फिरत राहतं. त्याच खळ्यातून, त्याच वेळी!

ट्रायने (दूरसंचार नियामकाने) २०१६ मध्ये डेटाच्या भेदभावी दरांवर बंदी घातली, २०१८ मध्ये नेट न्यूट्रॅलिटी (म्हणजे सगळ्या अ‍ॅप-साइटना सारखी वागणूक, कुणाचा वेग मुद्दाम कमी करायचा नाही) कंपन्यांच्या परवान्याच्या अटींत आली. मग हे काय? उगाच आरोप करायचा नाही, म्हणून विचारतोय: वेगाचा पुरावा कसा ठेवायचा? कंपनीने तक्रार परस्पर बंद केली, आता अपील कसं करायचं? नंबर पोर्ट करा म्हणू नका, दुसरी रेंजच नाही.