ट्रम्पेटचा माउथपीस डुलतो, वरचे सूर निसटतात – मदत हवी आहे

तीनपिस्टन (इंदूर): साधा बी-फ्लॅट ट्रम्पेट, मेरठचा. नवा ७सी माउथपीस लावल्यापासून स्टाफच्या (स्वरलिपीच्या पाच रेघांच्या) माथ्यावरच्या ‘जी’ स्वरानंतरचे सूर जागेवर बसत नाहीत, खालचे ठीक. नवा २२ मिमी आत जातो आणि बोटाने किंचित डुलतो. जुना २५ मिमी जातो, घट्ट बसतो, पण त्याचा कप (ओठांकडची वाटी) फार खोल. सियागंजातला खरादवाला (लेथवाला) नव्याचा शँक (ट्रम्पेटात जाणारा निमुळता दांडा) घासून देतो म्हणतोय. अनंत चतुर्दशीच्या झांक्यांआधी (चित्ररथांच्या मिरवणुकीआधी) काम हवंय. घासू का?

पितळी: इतक्यात नको, घासलेलं पितळ परत येत नाही. आणि ७सी हे कपाचं माप (आकडा व्यासाचा, अक्षर खोलीचं), शँकशी त्याचा संबंध नाही.

डुलणं आणि गाळा (आत माउथपीसच्या टोकापुढे उरलेली जागा) वेगळे. आधी डुलणं बघा. शँक नि रिसीव्हर (शँक बसतो ते ट्रम्पेटचं तोंड) कोरडे पुसा, शँकवर मार्करने चार उभ्या रेघा ओढा, हलकेच घालून पाव फेरा द्या, काढा. रेघा सगळीकडे पुसल्या तर उतार (निमुळतेपणा) जुळतो. फक्त जाड बाजूला पुसल्या तर शँकचा उतार जास्त आहे किंवा टोक चेपलंय. दोन्ही माउथपीसच्या टोकाचा व्यास व्हर्नियरने दोन दिशांनी घ्या.

खालचासा: गाळा म्हणजे शँकचं टोक आणि लीडपाइपची (रिसीव्हरपुढच्या नळीची) कड यांमधली मोकळी जागा. मोजायला खराट्याची काडी पुरते. रिसीव्हरच्या भिंतीला लावून आत सरकवा, अडली की तोंडाशी नखाने खूण करा. त्यातून माउथपीस जितका आत जातो तितकं वजा. तार नको, ओरखडे पडतात. ३ मिमीच्या आसपास गाळा बऱ्याच ट्रम्पेटना मानवतो, सगळ्यांना नाही.

तीनपिस्टन: काडी २८ मिमी. म्हणजे नव्याला ६, जुन्याला ३. रेघा फक्त जाड बाजूला पुसल्या. टोक दोन्हींचं ९.७४, दोन्ही दिशांनी.

खालचासा: मग जुन्यालाच ३ मिमी बाहेर काढून वाजवा, म्हणजे त्याचाही गाळा ६ होईल. शँकचा उतार १:२० धरा, व्यास ०.०५ मिमी वाढला की माउथपीस १ मिमी बाहेर येतो. वर्तमानपत्राचा कागद साधारण ०.०७ जाड. शँकला त्याचा एकच वेढा, कडा एकमेकींवर चढू न देता. प्रिंटरचा कागद ४ मिमी काढेल. ट्यूनिंग स्लाइड दीड मिमी आत घ्या (तिला दोन पाय, म्हणून निम्मं). हा डुलत नाही, तरी सूर निसटले तर दोष गाळ्याचा.

तीनपिस्टन: निसटले. अगदी नव्यासारखे.

पितळी: मग घासा, टोकं सारखी आहेत म्हणून बरं. नव्याचं बारीक असतं तर डुलणं थांबून तो नको तितका आत गेला असता. खरादवाल्याला सांगा: टोकाशी शून्य, टोकापासून २२ मिमीवर ०.१५, मधे सरळ उतार. हे व्यासात, हे दोनदा सांगा, नाहीतर तो दुप्पट काढेल. तोच उतार २७ मिमीपर्यंत न्यायचा. २२ ला थांबला तर तिथे खांदा राहील आणि माउथपीस तिथेच अडेल. कपाची कड चकमध्ये (लेथच्या पकडीत) धरू देऊ नका. नमुन्याला जुना सोबत न्या. घासल्या जागी चांदीचा मुलामा जाईल, तेवढं चालवून घ्या.

तीनपिस्टन: तोवर नव्यालाच कागद लावून चालेल?

खालचासा: नाही हो, ६ चे ९ होतील. तोवर जुनाच वाजवा, कागद काढून.